औषधांच्या ऑर्डरी जंकमध्ये आणि खोटे मेल इनबॉक्समध्ये: स्पॅम फिल्टर नव्याने शिकवावा का?

दवाबाजार_इंदूर:

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, पण अर्धवट विचारला तर उत्तरंही अर्धवटच येतील, म्हणून सगळं लिहितो.

इंदूरच्या दवा बाजारात काकांचा घाऊक औषधांचा व्यवसाय आहे. देवास, धार, खरगोन, झाबुआकडचे मेडिकलवाले आणि इंदूरमधली काही हॉस्पिटलं हे आमचे ग्राहक. मेडिकलवाले व्हॉट्सॲपवर ऑर्डर टाकून मोकळे होतात, पण हॉस्पिटलांच्या खरेदी विभागाला मेलच लागतो. कंपन्यांच्या रेट लिस्ट, क्रेडिट नोट, एक्सपायरी-ब्रेकेजचे क्लेम हेही सगळं मेलवर. आमचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे: भाड्याचा व्हीपीएस (व्हर्च्युअल सर्व्हर), त्यावर डेबियन लिनक्स, मेल आणणारं-नेणारं पोस्टफिक्स, मेलबॉक्स सांभाळणारं डव्हकॉट आणि नियमांनुसार गुण देऊन स्पॅम ओळखणारा स्पॅमअसॅसिन हा फिल्टर. ज्यांनी तो बसवला ते आता पुण्याला असतात. जाताना त्यांनी पासवर्ड वगैरे सगळं नीट सोपवलं, फिल्टरबद्दल मात्र एवढंच म्हणाले की तो आपोआप शिकतो, हात लावायची गरज नाही.

मध्यंतरी लहान मुलांच्या एका हॉस्पिटलची सिल्डेनाफिलची ऑर्डर जंकमध्ये जाऊन पडली. हे नाव बऱ्याच जणांना वेगळ्याच कारणाने माहीत असतं, म्हणून सांगतो: फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढला की हेच औषध देतात, नवजात बाळांनासुद्धा. संध्याकाळी त्यांच्या फार्मसीतून फोन आला तेव्हा आम्हाला कळलं. माल लगेच पोचवला. पण फोन आलाच नसता तर काय झालं असतं, हा विचार डोक्यातून जात नाही.

उलट बाजूने "पेमेंट ॲडव्हाइस" आणि "रिव्हाइज्ड परचेस ऑर्डर" असे मेल बिनदिक्कत इनबॉक्समध्ये येतात. सोबत एचटीएमएल फाइल, ती उघडली की मेलचा पासवर्ड मागणारं पान. एक मेल तर आमच्या एका पुरवठादाराच्या नावाने होता: आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचं पेमेंट या खात्यात करा. नाव तेच, खालची सही आणि पत्ता तोच, डोमेनमध्ये फक्त एक अक्षर जास्त. आमच्या अकाउंटंट बाईंनी ते पाहिलं म्हणून निभावलं.

काका म्हणतात, सगळ्या ग्राहकांना व्हाइटलिस्ट कर, म्हणजे फिल्टरमधून सूट दे, आणि विषय संपव. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे त्यांना समजावून सांगता येत नाहीये.

तर विचारायचं असं की फिल्टरने आजवर जे शिकलंय ते पुसून पहिल्यापासून सुरुवात करावी की आहे त्यातच दुरुस्ती करावी? किती मेल लागतात? ऑफिसातली माणसं आउटलुकवर काम करतात, त्यांनी एखादा मेल जंकमध्ये ओढला तर सर्व्हर त्यातून काही शिकतो का? आणि काकांची एक शंका आहे, जी मला रास्त वाटते: हॉस्पिटलच्या ऑर्डरी फिल्टरला शिकवायला दिल्या तर त्यातला मजकूर कुठे साठून राहतो का?

त्या ऑर्डरीच्या हेडरमध्ये (मेलसोबतच्या तांत्रिक माहितीत) स्पॅम ठरण्याची मर्यादा ५.० आणि गुण त्याच्या थोडे वर आहेत. लागलेल्या नियमांपैकी काही नावं: बेझ_९९, आरडीएनएस_नन, एचटीएमएल_मेसेज, यूआरआयबीएल_ब्लॉक्ड. शेवटच्याचा अर्थ मेलमधली लिंक ब्लॉकलिस्टवर आहे असा ना? पण ती लिंक तर हॉस्पिटलच्याच साइटची आहे.

मांडवीकर_बडोदा:

बाकीचं जाणकार सांगतीलच, मी फक्त शेवटच्या ओळीबद्दल बोलतो, कारण तिथे सगळेच गोंधळतात. यूआरआयबीएल_ब्लॉक्ड म्हणजे लिंक वाईट आहे असं नाही. तुमच्या सर्व्हरने यूआरआयबीएलच्या, म्हणजे वाईट लिंकांच्या, यादीला विचारलं की ही लिंक कशी आहे, आणि त्यांनी उत्तर द्यायलाच नकार दिला, एवढाच त्याचा अर्थ.

कारण बहुतेक वेळा डीएनएस असतं. तुमच्या सर्व्हरचा रिझॉल्व्हर (डीएनएसचे प्रश्न विचारून उत्तर आणणारा) गूगलचा ८.८.८.८ असेल, नाहीतर व्हीपीएसवाल्याचा सामायिक असेल. त्याच दारातून असंख्य सर्व्हर विचारायला येतात, त्यामुळे फुकट वापराची मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. स्पॅमहाउस या दुसऱ्या ब्लॉकलिस्टचंही तसंच आहे. सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून विचारलंत तर ते खरं उत्तर देत नाहीत, १२७.२५५.२५५.२५४ असा कोड परत पाठवतात. काही जुन्या सेटिंगमध्ये हा कोड म्हणजे "यादीत सापडला" असाच धरला जातो आणि भले मेल परत जातात. तेही तपासून घ्या.

सर्व्हरवरच अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवा, त्यात फॉरवर्डिंग (प्रश्न दुसऱ्या रिझॉल्व्हरकडे ढकलणं) ठेवू नका, आणि रिझॉल्व्हर म्हणून १२७.०.०.१ द्या. स्पॅमहाउसच्या फुकट वापराच्या अटीही वाचून घ्या, धंद्यासाठी त्या वेगळ्या आहेत. आमच्याकडे मकरपुरा जीआयडीसीतल्या ऑफिसात एवढं केल्यावरच येणाऱ्या कचऱ्यात डोळ्यांना दिसेल इतका फरक पडला, बेझला, म्हणजे मेलमधल्या शब्दांवरून शिकणाऱ्या भागाला, हातही लावायच्या आधी.

लोकमान्यनगरची:

दवाबाजार, मी पण इंदूरचीच. सांवेर रोडवरच्या एका रसायनांच्या कारखान्याचा आणि एका ट्रस्टच्या दवाखान्याचा मेल बरीच वर्षं सांभाळते आहे, त्यामुळे औषधांच्या नावांनी फिल्टर कसा बिथरतो ते मला चांगलं ठाऊक आहे. मांडवीकरांनी सांगितलेलं डीएनएसचं काम आधी करा. ते झाल्याशिवाय पुढचं काही मोजताच येणार नाही.

आता मूळ दुखण्याकडे येते. तुमच्या त्या ऑर्डरीला सगळ्यात जास्त मार बेझ_९९ ने दिलाय. मर्यादा ५ ची आणि या एका नियमाचेच ३.५ गुण. म्हणजे फिल्टरला जवळजवळ खात्री होती की हे स्पॅम आहे. ही खात्री त्याला आली कुठून? "आपोआप शिकतो" या वाक्यातून.

आपोआप शिकणं कसं चालतं ते समजून घ्या, मग सगळा उलगडा होईल. बेझ सोडून बाकीच्या नियमांनी एखाद्या मेलला १२ किंवा त्याहून जास्त गुण दिले, आणि त्यातले किमान ३ हेडरमधून आणि ३ मजकुरातून आले, तर तो मेल स्पॅम म्हणून शिकला जातो. ०.१ पेक्षा कमी गुण पडले तर तो चांगला, म्हणजे हॅम, म्हणून शिकला जातो. मधले सगळे मेल तसेच निघून जातात, त्यांतून फिल्टर काहीच शिकत नाही. आता तुमच्या धंद्यात काय होतं ते बघा. बनावट ऑनलाइन फार्मसीच्या मेलला १२ गुण सहज मिळतात, त्यामुळे तो दर वेळी स्पॅमच्या बाजूला जमा होतो. तुमच्या ग्राहकांच्या ऑर्डरी मात्र लहान हॉस्पिटलांच्या नीट न बसवलेल्या सर्व्हरवरून येतात. आरडीएनएस_नन म्हणजे पाठवणाऱ्या सर्व्हरच्या आयपीला उलटं नावच नाही. त्याचे गुण पडले की मेल ०.१ च्या वर गेलाच, म्हणजे तो हॅम म्हणून कधी शिकलाच जात नाही. अशी वर्षं गेली. तुमच्या फिल्टरने टॅब्लेट, मिलिग्रॅम, स्ट्रिप, सिल्डेनाफिल हे शब्द फक्त भामट्यांच्या तोंडून ऐकले आहेत. भल्या माणसाच्या तोंडून ते त्याच्या कानावर पडलेच नाहीत, मग त्याने दुसरं काय ठरवावं?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. औषधांच्या, विम्याच्या, कर्जाच्या धंद्यात आपोआप शिकणं बंद ठेवावं आणि माणसाने हाताने निवडलेल्या मेलवरच फिल्टर शिकवावा. पॉल ग्रॅहम या प्रोग्रामरने २००२ साली बेझची ही पद्धत लोकांपर्यंत पोचवली तेव्हाही त्याचा भर यावरच होता की ज्याचा त्याचा फिल्टर ज्याच्या त्याच्या मेलवर शिकलेला असावा. स्पॅम पाठवणाऱ्याला तुमच्या ऑर्डरीत कोणते शब्द असतात ते माहीत नसतं. बिल्टी, बॅच नंबर, ड्रग लायसन्स, "१० वर १ फ्री" ही स्कीम, खरगोनच्या त्या दुकानाचं नाव हे शब्द तुमच्या बाजूचे आहेत. ते फिल्टरला माहीत झाले की तुमच्या ऑर्डरीला आपोआप आधार मिळतो.

शिकवायला बसण्याआधी एक गोष्ट तपासा, नाहीतर सगळी मेहनत भलत्याच ठिकाणी जाईल. बेझचा साठा प्रत्येक युजरचा वेगळा असू शकतो. तुम्ही रूट (सर्व्हरचा मुख्य युजर) म्हणून एसए-लर्न ही शिकवण्याची कमांड चालवलंत तर रूटचा साठा शिकेल, आणि मेल तपासणारी सेवा भलत्याच युजरखाली चालत असेल तर तिला त्याचा पत्ताही लागणार नाही. सेवा कोणत्या युजरखाली चालते ते पाहा, त्याच युजरने एसए-लर्नला "डंप मॅजिक" विचारा. त्यात किती स्पॅम आणि किती हॅम शिकलेत ते दिसेल. आकडे इथे टाका.

आकडे एकतर्फी निघाले तर माझा सल्ला पुसून टाकण्याचा आहे. आधी एसए-लर्ननेच बॅकअप घ्या, म्हणजे परत फिरायची वाट राहील. मग क्लिअर करा. दोन्ही बाजूंचे प्रत्येकी किमान २०० मेल शिकवून होईपर्यंत बेझ गुणच देत नाही, गप्प राहतो. ते २०० म्हणजे फक्त सुरुवात. दोन्ही बाजूंचे हजार-हजार जमले तर उत्तम, आणि पाच हजारांच्या पुढे फारसा फायदा होत नाही.

निवडणं हे यातलं खरं काम आहे आणि ते घाईत होत नाही. दोन्ही ढीग एकाच काळातले घ्या. स्पॅम तीन वर्षांपूर्वीचं आणि हॅम या महिन्यातलं असं दिलंत तर फिल्टर औषधं आणि फसवणूक यांतला फरक शिकायच्या ऐवजी जुनं आणि नवं यांतला फरक शिकतो. हॅममध्ये फक्त ऑर्डरी नकोत. रेट लिस्ट, एक्सपायरीचे क्लेम, सीएचे मेल, जीएसटी पोर्टलची पत्रं, बँकेचे अलर्ट, ट्रान्सपोर्टवाल्याच्या बिल्ट्या, जे जे हरवलं तर तुमचा दिवस बिघडतो ते सगळं त्यात यायला हवं. आणि नकोसा मेल म्हणजे स्पॅम नव्हे. एखाद्या कंपनीचं न्यूजलेटर काकांनी कधीतरी स्वतः सुरू केलेलं असेल तर ते अनसबस्क्राइब करा, स्पॅमच्या ढिगात टाकू नका. त्या कंपनीची क्रेडिट नोटही त्याच डोमेनवरून येते हे लक्षात असू द्या.

मेल मूळ स्वरूपात, पूर्ण हेडरसकट हवा. कोणी "हे बघ स्पॅम आलंय" म्हणून फॉरवर्ड केलेला मेल शिकवलात तर फिल्टर फॉरवर्ड करणाऱ्याचं नाव आणि आपल्याच ऑफिसचं हेडर स्पॅम म्हणून शिकेल.

रेट लिस्टचं थोडं वेगळं आहे. तिच्यात ब्रँडची नावं असतात, त्यामुळे ड्रग्स_इरेक्टाइलसारखे तयार नियम लागतात. बेझचा त्याच्याशी संबंध नाही. स्पॅमअसॅसिनच्या लोकल डॉट सीएफ या सेटिंग फाइलमध्ये अशा नियमांचे गुण ० करून टाका. ते नियम ज्यांच्याकडे औषधांचे मेल येतच नाहीत त्यांच्यासाठी आहेत, तुमच्यासाठी नाहीत. बदल केल्यावर लिंट (सेटिंगमधल्या चुकांची तपासणी) चालवून मगच सेवा पुन्हा सुरू करा.

काकांची शंका खरंच चांगली आहे. बेझच्या साठ्यात मजकूर राहत नाही. प्रत्येक शब्दाचा एसएचए-१ हॅश, म्हणजे सांकेतिक रूप, काढून त्याचा छोटा तुकडा ठेवला जातो, आणि तो किती वेळा स्पॅममध्ये दिसला, किती वेळा हॅममध्ये, ते आकडे. त्यातून कुणाची ऑर्डर परत वाचता येत नाही. पण शिकवण्यासाठी तुम्ही मेलच्या ज्या प्रती बाजूला काढाल त्या मात्र पूर्ण वाचता येतात. त्या फोल्डरची परवानगी स्वतःपुरती ठेवा आणि तो फोल्डर घरच्या लॅपटॉपवर नेऊ नका.

दवाबाजार_इंदूर:

ताई, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. मांडवीकर, तुमचेही. रिझॉल्व्हर व्हीपीएसवाल्याचाच होता. अनबाउंड बसवला आणि नव्या मेलच्या हेडरमधून यूआरआयबीएल_ब्लॉक्ड गेलं.

डंप मॅजिक रूट म्हणून चालवलं तर दोन्ही आकडे शून्य. सेवेच्या युजरने चालवलं तेव्हा खरं चित्र दिसलं: स्पॅम चाळीस हजारांच्या वर आणि हॅम दोन हजारांच्या आतबाहेर. त्या दोन हजारांत काय आहे ते हेडरमधल्या ऑटोलर्न शब्दावरून शोधलं, तर बहुतेक बँकेचे अलर्ट आणि मोठ्या कंपन्यांची जाहिरातपत्रं निघाली. शोधलेल्या मेलमध्ये हॉस्पिटलची ऑर्डर एकही नाही. तुम्ही म्हणालात अगदी तसंच.

आता ऑर्डर, अकाउंट्स आणि क्लेम या तीन खात्यांमधून हॅम निवडायला बसलोय. अकाउंटंट बाई आणि मी मिळून करतोय, कारण कोणता पुरवठादार खरा हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

दोन गोष्टी राहिल्या. आउटलुकमधून जंकमध्ये ओढण्याचं काय? आणि खोट्या बँक खात्याच्या मेलचं काय करायचं?

लष्करवाला_ग्वाल्हेर:

ताईंशी बहुतेक बाबतीत सहमत, एका ठिकाणी नाही. आपोआप शिकणं पूर्ण बंद करा हा सल्ला ज्या ऑफिसात रोज कोणीतरी निवडायला बसणार आहे तिथे ठीक. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका संगीत शिक्षणसंस्थेचा मेल बघतो. तिथे प्रवेशाच्या दिवसांत कोणाला मान वर करायला वेळ नसतो. मी हॅमची सीमा ०.१ वरून शून्याच्या खाली नेली, स्पॅमची १२ वरून वर नेली आणि आपोआप शिकणं चालू ठेवलं. शिकतो कमी, पण जे शिकतो ते बिनचूक. पूर्ण बंद केलं आणि माणूसही थकला तर फिल्टर जुन्याच गोष्टींवर अडकून राहतो, त्याचाही विचार करा.

दुसरं, तुम्हाला मराठी-हिंदी मेल येत असतील तर टेक्स्टकॅट हे भाषा ओळखणारं प्लगइन चालू आहे का ते पाहा. आमच्याकडे कोणीतरी मान्य भाषांच्या यादीत फक्त इंग्रजी ठेवली होती, त्यामुळे मराठीतलं प्रत्येक निमंत्रण "नको असलेल्या भाषेतला मजकूर" म्हणून गुण खात होतं. यादीत इंग्रजीबरोबर हिंदी आणि मराठी दोन्ही घाला, एकच घालून थांबू नका. चार ओळींच्या देवनागरी मेलमध्ये हिंदी कुठली आणि मराठी कुठली याचा यंत्राला नेहमी अंदाज येत नाही.

आणि देवनागरीचं अजून एक. अक्षरं साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत आपलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्त धरून, ३ बाइट खातं. स्पॅमअसॅसिनचा बेझ १५ बाइटांहून लांब शब्द अखंड ठेवत नाही, त्यामुळे "व्याख्यानमाला" किंवा "विद्यार्थ्यांसाठी" असे शब्द तुकड्यांमध्ये मोजले जातात. इंग्रजी शब्द अख्खा मोजला जातो, मराठीचा बराचसा भाग तुकड्यांत जातो. म्हणून मराठी-हिंदी हॅम जरा सढळ हाताने द्या. पाठवणाऱ्याचं डोमेन, विषयाची ओळ, हेडर यांतूनही तो शिकतो, त्यामुळे काम भागतं, पण मजकुरावर एकट्या विसंबू नका. जमलं तर स्पॅमअसॅसिनची ४.० किंवा पुढची आवृत्ती घ्या. डिसेंबर २०२२ मध्ये ती आली, त्यात यूटीएफ-८ ची हाताळणी सुधारली आहे.

लोकमान्यनगरची:

लष्करवाले, तुमच्या संस्थेसाठी तुमचं बरोबर आहे. यांच्यासाठी मी माझं मत बदलत नाही. सीमा कितीही वर नेली तरी बनावट फार्मसीचे मेल तीही ओलांडतात, आणि यांच्या ग्राहकांचे मेल शून्याच्या खाली येत नाहीत. तराजू पुन्हा त्याच बाजूला कलणार. यांच्याकडे दोन माणसं निवडायला बसली आहेत, तर ती सवय टिकवू दे. भाषांचा मुद्दा मात्र मोलाचा, खरं तर मीच तो लिहायला हवा होता.

आउटलुकबद्दल. आधी बघा, खाती पॉपवर आहेत की आयमॅपवर. पॉप असेल तर मेल उतरून त्या कॉम्प्युटरवर आला, आता तो कोणत्याही फोल्डरमध्ये ओढा, सर्व्हरला त्याची गंधवार्ता नसते. दवा बाजारासारख्या ठिकाणी जुन्या ऑफिसांत पॉप हमखास सापडतो. आयमॅपवर आणा, त्यात मेल सर्व्हरवरच राहतो. मग डव्हकॉटच्या पिजनहोल या जोडणीत आयमॅपसीव्ह ही सोय आहे, ते चालू करा: मेल जंकमध्ये गेला की स्पॅम म्हणून शिकवायची स्क्रिप्ट चालते, जंकमधून बाहेर आला की हॅम म्हणून. बाहेर येण्याच्या नियमात ट्रॅश वगळायला विसरू नका. नाहीतर कोणी जंक साफ करायला सगळं कचऱ्यात टाकेल आणि तो सगळा कचरा हॅम म्हणून शिकला जाईल. चुकून उलटं शिकवलं गेलं तर घाबरायचं कारण नाही. तोच मेल बरोबर बाजूने पुन्हा शिकवला की आधीचं शिकणं काढून टाकलं जातं.

पण पहिले काही दिवस मी ते थेट शिकवण्याला जोडणार नाही. ऑफिसातल्या लोकांनी ओढलेला मेल आधी एका वेगळ्या फोल्डरमध्ये जमा होऊ दे, तुम्ही नजर टाका, मग शिकवा. लोक वैतागून भांडणाऱ्या ग्राहकाचा मेलही जंकमध्ये टाकतात. हे मी पाहिलेलं आहे.

आता बँक खात्याचा मेल. तो शिकवा, पण बेझ त्याला थांबवेल अशी आशा धरू नका. ज्याने लिहिलाय त्याने तुमच्या पुरवठादाराचाच मेल समोर ठेवून लिहिलाय, शब्द सगळे खरे आहेत. एसपीएफ आणि डीकेआयएम या पाठवणाऱ्याच्या डोमेनच्या तपासण्याही तिथे मदत करणार नाहीत, कारण एक अक्षर जास्त असलेलं ते डोमेन त्याने रीतसर विकत घेतलेलं असतं आणि त्याच्या नोंदीही व्यवस्थित असतात. या तपासण्या फक्त एवढंच सांगतात की मेल त्या डोमेनवरूनच आला. ते डोमेन कोणाचं, हे सांगत नाहीत. इथे ऑफिसचा नियम लागतो: खातं बदलल्याचा मेल आला की जुन्या बिलावरच्या नंबरवर फोन करायचा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, आणि ओळखीच्या माणसाचा आवाज ऐकल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही. तुमच्या अकाउंटंट बाईंनी ते जास्तीचं अक्षर वेळीच पाहिलं, त्यांचं कौतुक करा. पैसे गेलेच कधी, तर तासभरही न थांबता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

काकांना व्हाइटलिस्टबद्दल असं सांगा. "फ्रॉम" मध्ये कोणीही कोणाचाही पत्ता लिहू शकतो, त्यामुळे नुसत्या पत्त्यावरून व्हाइटलिस्ट केलं तर तुमच्या ग्राहकाचं नाव वापरणाऱ्या प्रत्येकाला दार उघडं. व्हाइटलिस्ट_ऑथ नावाची सोय आहे, ४.० पासून तिचं नाव वेलकमलिस्ट_ऑथ. ती एसपीएफ किंवा डीकेआयएम जुळलं तरच सूट देते. महत्त्वाची हॉस्पिटलं तिच्यात घाला. ज्या हॉस्पिटलांच्या या नोंदीच नाहीत त्यांच्या आयटीवाल्याला फोन करा आणि करून घ्या म्हणावं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठवणाऱ्यांवर या अटी कडक केल्या आहेत, त्यामुळे त्यांनाही त्याची गरज आहेच. नाव न मिळालेला आयपीही तेव्हाच दुरुस्त करायला सांगा, आरडीएनएस_नन मुळातूनच जाईल.

एचटीएमएल जोडलेले मेल पोस्टफिक्समध्येच अडवता येतात. पण आधी नाकारू नका, "वॉर्न" लावून लॉगमध्ये नुसती नोंद होऊ दे. कोणत्या खऱ्या बँका आणि कंपन्या तशी फाइल पाठवतात ते कळलं की मग ठरवा. खरा मेल हरवणं हे चार स्पॅम आत येण्यापेक्षा कितीतरी महाग, तुमच्या धंद्यात तर फारच. म्हणून कोणताही मेल नुसत्या गुणांवर पुसू नका. जंकमध्ये ठेवा आणि रोज सकाळी ऑर्डरी काढायच्या आधी कोणीतरी ते फोल्डर विषयांच्या ओळींपुरतं तरी चाळा.

दवाबाजार_इंदूर:

बॅकअप घेऊन क्लिअर केलं. दोन्ही बाजूंचे निवडलेले मेल शिकवून झाले, हॅम मुद्दाम थोडं जास्त ठेवलं, त्यात हिंदी-मराठी मेलही भरपूर घातले. त्याच हॉस्पिटलचा नवा मेल आज आला, त्यात औषध तेच, आणि हेडरमध्ये बेझ_००, म्हणजे फिल्टरच्या मते स्पॅम असण्याची शक्यता जवळजवळ शून्य. काकांना उणे गुण दाखवले तेव्हा त्यांनी विचारलं, आता कंपनी बदलली, नवी औषधं आली की हे परत बिघडणार का?

दोन खाती अजून पॉपवर आहेत, ती रविवारी दुकान बंद असताना हलवतो.

लोकमान्यनगरची:

छान झालं. काकांना सांगा की नव्या औषधाचं नाव फिल्टरला कोरं असतं, त्याला ना स्पॅमचा डाग ना हॅमचा आधार. बाकीचे ओळखीचे शब्द तो मेल तारून नेतात. तरी नवीन कंपनीची डीलरशिप घेतलीत की तिचे पहिले मेल हाताने हॅम म्हणून शिकवा, आणि तिच्या नावाने येणारे खोटे मेलही त्याच आठवड्यात स्पॅम म्हणून.

साठ्यात साधारण दीड लाख शब्दतुकडे मावतात. त्याच्या पुढे गेलं की बरेच दिवस न दिसलेले तुकडे तो स्वतःच काढून टाकतो. त्यामुळे वर्षातून एकदाच ऑर्डर देणाऱ्या ग्राहकांचे मेल अधूनमधून पुन्हा लागतील. आज निवडलेले मेल वेगळे जपून ठेवा, दर तीन-चार महिन्यांनी त्यांतले जुने काढून ताजे घाला. व्हीपीएस बदलायची वेळ आली तर बॅकअपची फाइल नव्या सर्व्हरवर रिस्टोअर करता येते, मात्र तिथेही आधी युजर तपासा.

पॉपवरून हलवताना आउटलुकची जुनी पीएसटी फाइल काढून टाकू नका. तुमच्या ग्राहकांच्या जुन्या ऑर्डरी त्यातच असतील.